पोळीवरचा पापुद्रा

यंदाच्या उन्हाळ्यात आमच्या घरात जेवायला ताट मिळत नव्हतं. सपाट बुडाची जेवढी म्हणून स्टीलची ताटं होती, ती सगळी सूनबाईनं माडीवर पंख्याखाली मांडून ठेवली होती आणि प्रत्येकात जोंधळ्याचा पातळ चीक वाळत पडला होता. मी भाकरी हातावर घेऊन आणि कालवण वाटीत ओतून जेवायचो. सुभेदार म्हणून निवृत्त झालेल्या माणसाची ही अवस्था! जरा कुरकुर केली की बायको म्हणायची, "फौजेत मगात डाळ घिऊन उभ्यानं जेवत हुतासा. हितं बसून जेवताय, त्ये काय वाईट हाय?"

बायकोचं नाव लीलाबाई. तिच्याशी वाद घालून मी आजवर एकदाही जिंकलेलो नाही, पण सवय सुटत नाही.

आमचं गाव आष्ट्याच्या अलीकडं, चारी बाजूंनी उसात बुडालेलं. घरटी एक माणूस फौजेत. आमच्याकडून आधी मी होतो, आता मुलगा इंद्रजित आहे. तो वर बर्फातल्या एका चौकीवर असतो. त्याची बायको समीक्षा लोणंदची. अन्नतंत्रज्ञानाची पदवी घेऊन तिचं पुढचं शिक्षण चाललेलं. संशोधनाचा विषय असा, की खाण्याच्या पदार्थाला असं वेष्टण घालायचं जे त्याच्यासकट खाता येईल आणि आतला पदार्थ लवकर नासूही देणार नाही. ती त्याला फिल्म म्हणायची, मी पापुद्रा म्हणायचो आणि लीलाबाई सरळ कातडं म्हणायची.

मला तिनं ते पुष्कळदा समजावून सांगितलं. जोंधळे भिजवून वाटायचे, त्यांचा चीक काढून शिजवायचा, पापुद्रा मऊ राहावा म्हणून जरासं ग्लिसरीन घालायचं आणि चीक निवत आला की ओव्याच्या तेलाचे थेंब घोटून मिसळायचे. ओव्याच्या तेलात बुरशीला आणि जंतूंना न सोसणारं काहीतरी असतं. मग ते ताटात पातळ पसरून वाळवायचं. वाळल्यावर कडेनं नख घालून उचललं, की कांद्याच्या आतल्या सालीसारखा पापुद्रा अख्खाच्या अख्खा हातात येतो. हे सगळं ऐकताना मी "हां, हां" करायचो. इंद्रजित फोनवर असला की पलीकडूनही तसंच "हां, हां" ऐकू यायचं. आमच्या घरातल्या पुरुषांना ऐकल्यासारखं करता येतं, ऐकता येत नाही.

पण समीक्षाचं हे काम आमच्या चुलीपर्यंत आलं ते लीलाबाईच्या एका दुखण्यामुळं.

बेंदूर हा आमच्याकडचा बैलांचा सण. बैल जाऊन दारात ट्रॅक्टर आला, तरी मातीचे बैल पुजून पुरणपोळीचा निवद दाखवल्याशिवाय लीलाबाईचा आषाढ जात नाही. इंद्रजितला त्या पोळीचं वेड. लहानपणी चुलीला चिकटून बसायचा आणि तव्यावरची पोळी तिथल्या तिथं संपवायचा. फौजेत गेल्यापासून मात्र त्याला बेंदराला कधी रजा मिळाली नाही. मिळाली तर दिवाळीला, नाहीतर जत्रा होऊन गेल्यावर. एका वर्षी लीलाबाईनं हट्टानं पोळ्या पाठवल्या. मलकापूरचा भाऊसो त्याच्याच पलटणीत, रजा संपवून परत निघाला होता, त्याच्याकडं डबा दिला. पुढं इंद्रजितचा फोन आला, "आई, लय ग्वाड झाल्या हुत्या." त्यानंतर महिनाभर लीलाबाईचे पाय जमिनीला लागत नव्हते.

दिवाळीत भाऊसो आमच्याकडं चहाला आला आणि बोलण्याच्या भरात सांगून बसला. डबा उघडला तेव्हा पोळ्यांवर हिरवी लव आलेली होती. इंद्रजितनं त्या कुणाला फेकू दिल्या नाहीत, स्वतः बर्फात खड्डा खणून पुरल्या. सांगून झाल्यावर त्याला कळलं की हे बोलायचं नव्हतं. लीलाबाईनं त्याला आणखी एक चकली वाढली आणि आत निघून गेली. तेव्हापासून बेंदराला ती पोळ्या करते, आम्हाला पोटभर वाढते आणि आपण भात-आमटी खाऊन उठते. पुरणाची पोळी तोंडात घालत नाही. मी एकदा कारण विचारलं होतं. तिनं माझ्याकडं असं बघितलं की पुन्हा विचारलं नाही.

ही गोष्ट समीक्षाला यंदा कळली, ती माझ्याच तोंडून. ती ऐकत होती आणि ताटातला पापुद्रा सोलत होती. सोलता सोलता थांबली.

"मामा, किती दिवस लागतात डबा पोचायला?"

"आगगाडी, मग ट्रक, मग वर जाणारी गाडी मिळंल तवा. हवा खराब असली तर हेलिकॉप्टर बी न्हाई. काय सांगावं?"

"यंदा आत्तींची पोळी त्यांना खायला मिळेल," ती म्हणाली. "मी पोचवते."

मला हसू आलं. कारण हे बोलणाऱ्या बाईला तेव्हा सहावा महिना होता आणि माडीचा जिना चढून आली की तिला धाप लागायची.

पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत. पण समीक्षाची आई ती शाळेत असतानाच गेली. लोणंदच्या घरात वडील आणि भाऊ, बाईमाणूस कुणी नाही. लीलाबाईनं व्याह्यांना परस्पर सांगून टाकलं, "लेक माज्यापाशीच ऱ्हाईल. म्या हाय न्हवं?" आणि ती तयारीला लागली. जुनी मऊ लुगडी धुऊन ठेवली, डिंक आणला, खारीक आणली. ओवा आणि बाळंतशेपा मात्र तिला बाजारातला चालेना. जत तालुक्यातली धोंडुबाई दरवर्षी ऊस तुटला की मेंढरं घेऊन आमच्या रानात उतरते. मेंढरं रानात बसवली की जमिनीला खत मिळतं आणि धोंडुबाईच्या घरादाराला धान्य. तिच्या कोरड्या माळावरचा ओवा बारीक, पण वासाला असा कडक की डबा उघडला की शिंक यावी. तो तिनं लीलाबाईसाठी खास राखून आणला होता.

त्या वासाला आमच्या घरात एकच अर्थ आहे. बाळंतिणीच्या खोलीत ओवा-शेपाची धुरी, तिला जेवणानंतर चघळायला भाजलेला ओवा-शेपा, आणि बाळ बघायला जो येईल त्याच्याही तळहातावर चिमूटभर. उंबऱ्यात पाऊल टाकताच हा वास आला की विचारायचं राहत नाही, घरात बाळ आलंय. माझी मुलगी दीपमाला बाळंत झाली तेव्हा इंद्रजित रजेवर होता. त्याच्या गणवेशालासुद्धा तो वास लागला होता आणि तसाच तो ड्युटीवर गेला होता.

आता गंमत अशी झाली, की समीक्षानं बाजारातला ओवा आणून कॉलेजच्या प्रयोगशाळेत तेल काढलं, तर ते तिला फिकं वाटलं. पोळी चार दिवसांत बुरसली. मग तिची नजर फडताळातल्या डब्यावर गेली. तिनं धोंडुबाईचा ओवा नेला, जोडीला बाळंतशेपाही नेला आणि काचेच्या नळ्यांमधून वाफेवर त्याचं तेल काढून एवढीशी बाटली घेऊन घरी आली. रिकामा डबा लीलाबाईच्या हाती लागला तेव्हा मी ओसरीवर होतो. आता भांड्याला भांडं लागणार म्हणून मी चपला शोधायला लागलो.

"बाळंतिणीचा ओवा उकळलास व्हय गं तू?"

"आत्ती, दुसऱ्या ओव्याला एवढा जोर नाही. मी विचारायला हवं होतं."

"अगं पर त्यो तुज्याचसाठी ठेवला हुता! तुला वारं लागलं, पोट दुखलं, तर म्या काय देऊ?"

"मला माझ्या पोटापेक्षा तुमच्या पोळीची जास्त काळजी आहे," समीक्षा म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. पोटुशी बाईला रडू पटकन येतं, हे खरं. पण लीलाबाईलाही आलं, आणि तिला तर काहीच झालं नव्हतं. मी चपला परत काढून ठेवल्या.

त्यानंतर दोघींचा एकत्र कारभार सुरू झाला आणि माझे हाल वाढले. पहिली पोळी लीलाबाईनं तव्यावरून काढली तशी गरमागरम पापुद्र्यात गुंडाळली. पोळी गार द्यायची हे तिला मान्यच नव्हतं. वाफेनं पापुद्रा विरघळला आणि पोळीवर चिकट लगदा झाला. लीलाबाई म्हणाली, "बघ, तुजं कातडं पळालं." समीक्षानं तिला समजावलं की पोळी पूर्ण निवल्याशिवाय गुंडाळायची नाही. लीलाबाईला ते पटायला आठवडा गेला. मग वासावरून भांडण. पुरणाला ओव्याचा वास म्हणजे लीलाबाईच्या हाताला बट्टा. तेल कमी केलं की बुरशी येई, वाढवलं की लीलाबाई नाक मुरडे. दोघी पोळीचे तुकडे माझ्यापुढं ठेवायच्या आणि माझ्या तोंडाकडं बघत बसायच्या. मी "झकास" म्हटलं की लीलाबाई रागवायची आणि "ओवा लागतोय" म्हटलं की समीक्षा हिरमुसायची. शेवटी शेवटी मी नुसतं चावायचो आणि खोकायचो. कुठंतरी मध्ये दोघींचं जमलं. पुरणात जायफळ वाढलं, तेलाचे थेंब थोडे कमी झाले आणि खाल्ल्यावर मागून जराशी ओव्याची झणझण राहू लागली.

एव्हाना घराचा कोपरान् कोपरा त्या वासानं भरला होता. पाऊस तोंडावर आला तशी धोंडुबाई मेंढरं घेऊन परत जायला निघाली आणि निरोप घ्यायला दारात आली. उंबऱ्याशी थबकली. मग मागं फिरली, नळावर जाऊन पाय धुतले, पदर डोक्यावर घेतला आणि कमरेच्या पिशवीतून काळा दोरा काढून सरळ आत आली.

"लीलाबाई, सांगितलं न्हाईस व्हय गं मला? बाळ-बाळंतीन सुखरूप हायत न्हवं?"

लीलाबाई तोंडात पदर कोंबून हसत होती. समीक्षा आपलं पोट सांभाळत माडीवरून उतरली आणि धोंडुबाईनं कपाळावर हात मारून घेतला. "आग्ग बाई! मग वास कशाचा?" पापुद्र्याचं सगळं ऐकून झाल्यावर ती म्हणाली, "ह्ये मातूर लय झालं. माज्या ओव्याचा कागद करून ठिवलासा." काळा दोरा मात्र तिनं परत नेला नाही.

बेंदूर आला. लीलाबाईनं पहाटेपासून पुरण शिजवलं, वाटलं, पोळ्या लाटल्या. मातीच्या बैलांना निवद दाखवून झाला आणि मग पोळ्या पांढऱ्या पंचावर पसरून निवायला ठेवल्या. पोळ्या निवेपर्यंत ती तिथंच बसून होती. एकदाही हात लावला नाही. मग समीक्षानं एकेक पोळी दुमडून दोन पापुद्र्यांमध्ये ठेवली, ओल्या बोटानं कडा बंद केल्या. लीलाबाईनं त्या पत्र्याच्या डब्यात रचल्या. मी म्हटलं, "वर चिठ्ठी तरी घालू, की ह्ये कातडं खायाचं असतं म्हणून." समीक्षा म्हणाली, "मामा, मी त्यांना फोनवर इतकी वर्षं तेच सांगतेय. त्यांना पाठ असेल." मला तेव्हाच शंका यायला हवी होती, कारण ते "हां, हां" मी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं.

भाऊसो यंदाही रजेवरून परत निघालेला. मागच्या वेळच्या बडबडीनं तो इतका शरमला होता, की डबा त्यानं आगगाडीत मांडीवर ठेवून नेला म्हणे. पण लेहला पोचल्यावर त्याला दुसऱ्याच चौकीवर पाठवलं. त्यानं इंद्रजितच्या चौकीला जाणाऱ्या गाडीत डबा चढवला आणि आम्हाला तसं कळवलं. पुढं काय झालं ते कळायला मार्ग नव्हता. वरची हवा बिघडली होती आणि इंद्रजितचा फोन बेंदराच्या आधीपासूनच बंद होता.

घरात फडताळावर दोन डबे होते. एकात पापुद्र्यातली पोळी, दुसऱ्यात तशीच उघडी पोळी. दोन्ही एकाच तव्यावरच्या. हे समीक्षानं कॉलेजसाठी ठेवलं होतं, पण बघायची लीलाबाई. सकाळी उठली की देवाच्या आधी डबे उघडायची. उघड्या पोळीवर लवकरच ठिपके आले, मग ती हिरवी झाली आणि समीक्षानं ती उचलून नेली. पापुद्र्यातली पोळी तशीच होती. लीलाबाई रोज तिला वरून, खालून, उजेडात धरून बघायची.

"आज बी चांगली हाय," ती मला सांगायची. पोरगा तापातून उठत असावा आणि आईनं सांगावं, तसं.

"हितं चांगली हाय, म्हंजी तितं बी आसंल," मी म्हणायचो.

"आसंल म्हणू नगासा. हाय म्हणा."

"हाय."

एका रविवारी दुपारी फोन वाजला. अनोळखी नंबर, खरखर आवाज. मी उचलला आणि इंद्रजित ओरडला, "आबा! पोरगा का पोरगी?"

मला काही कळेना. "कुणाला?"

"मला! आवं तुमी कुनी सांगितलं न्हाईसा, पर डबा तरी बोलला. सांगा की, पोरगा का पोरगी? समी बरी हाय न्हवं?"

मी फोनचा आवाज मोठा केला. लीलाबाई पीठ मळत होती ती तशाच हातांनी आली. समीक्षा भिंतीला धरून उठली. तिकडून पोरगा एकसारखा बोलतच होता. डबा आला, त्यानं झाकण उघडलं आणि ओव्या-शेपाचा वास अख्ख्या खंदकात पसरला. दीपमालाताईच्या बाळंतपणातला तोच वास. बाळंतपण श्रावणात होणार हे त्याला माहीत होतं, पण वास आल्यावर कसला श्रावण अन् कसलं काय. त्यानं ठरवून टाकलं, की बाळ आधीच आलंय, घरात बाळंतिणीची खोली मांडलीय आणि आईनं त्या खोलीतूनच बाळाच्या पोळ्या पाठवल्यात.

"म्या तितंच नाचलो आबा! समद्या चौकीत वाटल्या. केरळचा एक हाय, पंजाबचं दोगं हायत, समदी म्हणत्यात असलं कवाच खाल्लं न्हवतं. एक बी पोळी बुरसली न्हवती, आई. एक बी न्हाई!"

समीक्षा खाली बसली आणि हसायला लागली. हसता हसता पोट धरून "आई गं" म्हणाली, तेव्हा मी घाबरलो. लीलाबाईचा चेहरा मात्र उतरला होता. जन्माला यायच्या आधी बाळाची कुंचीसुद्धा शिवू नये म्हणतात आणि या शहाण्यानं पोळ्या वाटून टाकल्या होत्या! मला वाटलं आता ती त्याला फाडून खाणार. तिनं पिठाच्या हातानं फोन ओढून घेतला.

"इंदर, बाळ अजून यायचंय. ओवा त्या कातड्यात हाय. त्ये ऱ्हाऊ दे. तू किती खाल्ल्यास?"

पलीकडं नुसती खरखर.

"म्या इचारती, तू किती खाल्ल्यास?"

"आई…" त्याचा आवाज एकदम बारीक झाला. "माणसं लय आन पोळ्या थोड्या. ज्याच्या घरची बातमी, त्यो शेवटाला खातो. तसंच अस्तंय हितं. माज्या वाट्याला आली न्हाई."

हे खरं आहे. माझ्या वेळीही तसंच होतं. ज्याच्या घरी बाळ, त्यानं वाढायचं आणि उरलं तर खायचं. पण त्या क्षणी मला त्या रीतीचा, पलटणीचा आणि आमच्या गाढवाचाही असा राग आला, की फोन घेऊन उसात फेकावासा वाटला. फोन हातात तसाच धरून लीलाबाई चुलीकडं बघत राहिली. इतकी वर्षं तिनं एकच गोष्ट मागितली होती. पोळी एवढी लांब गेली, धड गेली, आणि सगळ्यांच्या तोंडात पडली, एकट्या तिच्या पोराच्या पडली नाही.

समीक्षानं तिच्या हातातला फोन घेतला.

"अहो, पोळीवरची फिल्म कुठाय?"

"कसली?"

"वरचा पापुद्रा! पोळीला गुंडाळलेला!"

"त्ये प्लास्टिक व्हय? सोलून डब्यात भरून ठेवलंय. हितला कचरा खाली न्यायला लागतो."

"ते प्लास्टिक नाही हो!" समीक्षा ओरडली. मी तिला कधी ओरडताना ऐकलं नव्हतं. "दोन वर्षं कानीकपाळी ओरडतेय मी! जोंधळ्याचा चीक आहे तो. खायचा असतो. डबा घ्या. आत्ताच्या आत्ता घ्या."

पत्र्याचं झाकण निघाल्याचा आवाज आला. मग काही कागद चुरगळल्यासारखा आवाज. मग तो म्हणाला, "आई, ह्येला पुरान चिकाटलंय गं. तूप बी हाय." लीलाबाईनं फोन समीक्षाच्या हातातून घेऊन कानाला दाबून धरला. आवाज मोठा केलेलाच होता, त्यामुळं आम्हालाही ऐकू येत होतं. पोरगा चावत होता. पापुद्रा दाताखाली जरा कुरकुरायचा, मग मऊ व्हायचा, मग पुढचा. मध्ये एकदा त्यानं नाक ओढलं. तिकडं थंडी असते, पण मला माझा पोरगा माहीत आहे.

"सपलं का?" लीलाबाईनं विचारलं.

"न्हाई. लय हायत."

"खा सावकाश. म्या हाय."

फोनच्या रांगेतल्या पुढच्या जवानाची पाळी आली असणार, कुणीतरी हिंदीत घाई करत होतं. इंद्रजितनं त्याला सांगितलं, "माँ के साथ खाना खा रहा हूँ यार, रुक." तो माणूस खरंच थांबला. आम्ही तिघं स्वयंपाकघरात, एक फोन आणि त्या फोनमध्ये माझा पोरगा डब्याच्या तळाचे पापुद्रे खात होता. मग फोन बंद पडला. लीलाबाईनं तो लगेच खाली ठेवला नाही. फोनला पीठ लागलं होतं ते तिनं पदरानं पुसलं. मग फडताळावरचा डबा काढला, त्यातली जपून ठेवलेली पोळी पापुद्र्यासकट मोडली आणि पहिला घास समीक्षाच्या तोंडात घातला. कॉलेजचा नमुना होता तो, पण समीक्षानं तो खाऊन टाकला. दुसरा घास लीलाबाईनं आपल्या तोंडात घातला आणि डोळे मिटून बराच वेळ चावत राहिली.

"समे," ती म्हणाली, "फुडच्या बेंदराला त्ये कातडं जरा जाड घाल गं. माज्या लेकाचं पोट भराय पायजे."